‘सिमेंटच्या पत्र्याला घाबरू नका’ या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

पावसाळ्याआधी छपरं दुरुस्तीला निघाली की हा मेसेज व्हॉट्सॲपवर उगवतो. यंदा मला तो तीन बाजूंनी आला: ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, रायगडातल्या भावकीच्या ग्रुपवर, आणि एका कंत्राटदाराकडून, “सर, हे वाचा, तुम्ही उगाच ताणता” या शेऱ्यासकट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात देतो.

सिमेंटच्या पत्र्यांतल्या ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांनी कॅन्सर होतो, ही भीती परदेशी कंपन्यांनी पसरवली आहे. आपल्याकडे वापरतात ते पांढरं ॲस्बेस्टॉस, आणि ते निरुपद्रवी असतं. तेही सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं. पन्नास वर्षं लोक या छपराखाली जगले, कोणाला काही झालं नाही. सुप्रीम कोर्टाने क्लीन चिट दिली आहे, अमेरिकेतही बंदी नाही. तेव्हा तपासणी वगैरे थोतांडावर पैसे घालवू नका. पत्र्यांवर पाणी मारा, तोंडाला रुमाल बांधा, फोडून खाली घ्या, तुकडे भरावाला वापरा. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर. काही वर्षं इंग्लंडात ॲस्बेस्टॉस सर्व्हेअर म्हणून काम केलं, आता इथे जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. ॲस्बेस्टॉस तपासणीचा धंदा मी इथे करत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे ‘पोटावर पाय आला म्हणून बोलतोय’ ही शंका नको. मेसेज मला सरसकट खोटाही वाटत नाही. त्यातली काही वाक्यं खरी आहेत, आणि गोची तिथेच आहे: त्या खऱ्या वाक्यांच्या आडोशाने शेवटची तीन-चार वाक्यं आत शिरतात.

“पांढरं ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी.”

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचं नाव नाही. बारीक धाग्यांत सुटणाऱ्या सहा खनिजांचं मिळून ते बाजारातलं नाव आहे. पांढरं म्हणजे क्रायसोटाइल. निळं क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट आणि उरलेली तीन ही वेगळ्या, अँफिबोल कुळातली. पांढऱ्याचा धागा कुरळा आणि मऊ असतो, आणि फुप्फुसात गेल्यावर तुलनेने लवकर तुटतो, विरतो. निळ्याचा सुईसारखा सरळ, आत रुतला की बहुतेक कायमचा. २००० साली ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी निरनिराळ्या देशांतल्या कामगारांच्या नोंदी एकत्र करून हिशोब मांडला होता. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, यापुरता पांढऱ्या, तपकिरी आणि निळ्याचा धोका त्यात ढोबळमानाने १ : १०० : ५०० असा निघाला. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीतरी कुठेतरी वाचलेलं दिसतं.

पण त्या प्रमाणात पांढऱ्याच्या घरात १ आहे, शून्य नाही. आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे अंतर बरंच आकसतं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला ॲस्बेस्टॉसचं कापड विणणारा कारखाना होता. तिथे जवळजवळ निव्वळ पांढरंच वापरलं जाई. त्या कामगारांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण इतकं चढं निघालं की ‘पांढरं सुरक्षित’ म्हणणाऱ्यांना आजही त्या एका कारखान्याची उत्तरं द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहाही प्रकार पहिल्या गटात टाकले आहेत. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. धोका किती तीव्र हे तो गट सांगत नाही, एवढं मात्र दुसऱ्या बाजूच्या भडक पोस्ट लिहिणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

“सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं असतं.”

मेसेजमधला हा सगळ्यात दमदार मुद्दा. पत्र्यात धागा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी सिमेंट. न तुटलेल्या, न हलवलेल्या, धड पत्र्यातून हवेत येणारे धागे फार थोडे. इंग्लंडातही पाइपावरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण किंवा इन्सुलेशन बोर्ड काढायला सरकारी परवानाधारक कंपनीच लागते, पण सिमेंटचे पत्रे उतरवायला सहसा तो परवाना लागत नाही. प्रशिक्षण लागतं, पद्धत पाळावी लागते, एवढंच. त्यामुळे डोक्यावर सिमेंटचा पत्रा आहे म्हणून कोणी रात्री झोप उडवून घेऊ नये. माझं बालपण त्याच छपराखाली गेलं. पावसात टिनासारखा ताशा वाजत नाही, गंजत नाही, स्वस्त पडतो. लोकांनी तो घेतला त्याला कारणं होती.

मात्र सिमेंट अमर नसतं. वीस-पंचवीस पावसाळे झेललेल्या पत्र्याकडे जवळून पाहा. वरचा गुळगुळीत थर धुऊन गेलेला असतो, शेवाळ धरलेलं असतं, हात फिरवला तर खरखर लागते. (फिरवू नका.) तुटलेल्या कडेला पांढरट लव दिसते, फाटक्या गोणपाटाच्या कडेला सुतं लोंबतात तशी. छपराच्या खालच्या पन्हळीत जो राखाडी गाळ साचतो, त्यातही धुऊन आलेले धागे असतात, आणि तो गाळ दर वर्षी कोणीतरी नुसत्या हाताने उपसून वाळत टाकतं. वाळला की उडतो.

आणखी एक, हे जरा शरमेनंच सांगतो. लहानपणी आम्ही शेकोटीत सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे टाकायचो. थोडा वेळ काही होत नाही, मग ठाऽप करून तुकडा फुटतो आणि ठिणग्या उडतात. आतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडायला बघतो, वाट मिळत नाही, पत्रा फुटतो. आमच्यासाठी तो फुकटचा फटाका होता. पत्रा जळत नाही हे खरं, पण आगीत तो असा फुटतो. आग लागलेल्या गोदामाचं छप्पर फुटून खाली येतं, तेव्हा त्या ढिगाऱ्यात काय आहे हे पाणी मारणाऱ्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. दोन दिवसांनी गावी पोहोचलो तेव्हा कौलं, माडाच्या झावळ्या आणि सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे एकात एक मिसळलेले होते. वाट मोकळी करायला जेसीबी आला, तो त्या तुकड्यांवरून पुढे-मागे फिरत होता. पोरं ढिगाऱ्यातून खिळे वेचत होती. नव्या पत्र्यासाठी लोक रांगा लावत होते, जुन्याचं काय हा प्रश्न कोणाच्या डोक्यात नव्हता. माझ्याही तोंडून तो तेव्हा निघाला नाही, कारण घरावर छप्पर नसलेल्या माणसाला तो विचारायचा कसा? ‘घट्ट बसलेलं’ हे वाक्य शांत उभ्या छपराचं आहे. त्याला वाऱ्यात, आगीत आणि घणाखाली अर्थ उरत नाही.

“पन्नास वर्षांत कोणाला काही झालं नाही.”

मेसोथेलिओमा धूळ छातीत गेल्यापासून वीस ते पन्नास वर्षांनी दिसतो. १९८५ ला गोदामाचे पत्रे कापणारा विशीतला मुलगा आज साठीला आलेला असतो. त्याला दम लागतो, खोकला येतो, डॉक्टर बिडी विचारतात, टीबी तपासतात. चाळीस वर्षांपूर्वी सहा महिने कुठे काम केलं होतं, हे कोण विचारणार आणि तो तरी कशाला सांगणार? आपल्याकडे रुग्ण सापडत नाहीत याचं एक मोठं कारण हे की कोणी शोधत नाही. जिथे शोधलं तिथे सापडले. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यात १८१ कामगार तपासले गेले, त्यातल्या ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे या धाग्यांनी फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार, निघाला. ती कारखान्याच्या हजेरीपटावरची माणसं होती, म्हणून यादी तरी होती. नाक्यावरून उचलून आणलेल्या बिगाऱ्याची कसली यादी?

१९६० साली दक्षिण आफ्रिकेतून ३३ रुग्णांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला, ज्यामुळे ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमाचा संबंध जगापुढे आला. त्यातले कित्येक जण खाणीत कधी कामालाच गेले नव्हते, खाणींच्या आसपास राहिलेले किंवा लहानपणी तिथे खेळलेले होते. ते निळ्या ॲस्बेस्टॉसचे प्रदेश होते. आपल्या छपराशी त्याची थेट तुलना मी करणार नाही. तशी केली तर मीही मेसेजवाल्याच्याच रांगेत बसेन. पण ‘त्रास व्हायला कारखान्यातच काम करावं लागतं’ हा समज त्या ३३ जणांनी मोडला. नवऱ्याचे धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याच्या नोंदी युरोपात कितीतरी आहेत.

ब्रिटनने निळं आणि तपकिरी १९८५ ला, पांढरं १९९९ ला बंद केलं. तरीही ॲस्बेस्टॉसच्या आजारांनी तिथे आजही वर्षाला पाच हजारांच्या आसपास माणसं मरतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या वापराची ती फेड चालू आहे. आपण जगातल्या सगळ्यात मोठ्या आयातदारांत आहोत, आणि आपली आयात फुगली ती नव्वदीनंतर. पुढचा हिशोब ज्याने त्याने करावा.

“सुप्रीम कोर्टाची क्लीन चिट. अमेरिकेतही बंदी नाही.”

बंदीची याचिका कोर्टाने जानेवारी २०११ मध्ये फेटाळली हे खरं. बंदी घालणं हे सरकारचं आणि कायदेमंडळाचं काम आहे, असं कोर्टाने म्हटलं. ॲस्बेस्टॉस सुरक्षित आहे असं नव्हे. उलट १९९५ च्या आपल्याच निकालातले निर्देश पाळा, असं पुन्हा बजावलं. तो १९९५ चा निकाल मेसेजवाल्यांनी एकदा वाचावा. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवून कोर्टाने सांगितलं की प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा. निरुपद्रवी वस्तूसाठी चाळीस वर्षांची वही कोण ठेवायला सांगतं?

अमेरिकेत १९८९ ला घातलेली बंदी १९९१ ला तिथल्या कोर्टाने बरीचशी रद्द केली. मेसेज तिथेच थांबला आहे. मार्च २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने क्रायसोटाइलवर, म्हणजे याच पांढऱ्यावर, टप्प्याटप्प्याने बंदीचा नियम काढला. शेजारच्या नेपाळने तर २०१५ लाच बंद केलं.

“परदेशी कंपन्यांनी पसरवलेली भीती.”

यात थोडं तथ्य आहे. २०११ च्या त्याच प्रकरणात याचिकेमागे स्पर्धक उद्योगाचं हित असल्याबद्दल कोर्टाने कडक ताशेरे ओढले होते. पत्र्याला पर्याय विकणाऱ्यांना भीतीचा फायदा होतो, हे कोणीही सांगेल. पण मग उलट्या बाजूचंही सांगा ना. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणी चालवायला आता परवाने मिळत नाहीत, सगळा माल बाहेरून येतो, मुख्यतः रशियातून. श्रीलंकेने ॲस्बेस्टॉसवर बंदी आणायचं ठरवलं तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये रशियाने सिलोनी चहाची आयात थांबवली. कारण दिलं, मालात एक किडा सापडला. श्रीलंकेने ॲस्बेस्टॉसचा निर्णय मागे घेतला, आणि चहा पुन्हा सुरू झाला. किडा फारच समजूतदार निघाला म्हणायचा.

“तपासणी म्हणजे थोतांड.”

आता माझ्या कामाचं. तपासणी करणारा माणूस येतो, पत्र्याकडे बघतो आणि ‘हो, ॲस्बेस्टॉस’ म्हणून बिल फाडतो, असं चित्र मेसेजमध्ये आहे. तसं करणारा कोणी आला तर त्याला चहाही पाजू नका. डोळ्यांनी ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. आज बाजारात ॲस्बेस्टॉस नसलेले, लगद्याच्या किंवा कृत्रिम धाग्याचे सिमेंट पत्रेही मिळतात आणि ते अगदी तसेच दिसतात. इमारत २००० च्या आधीची असेल तर ‘आहे असं धरून चाला’, हा इंग्लंडातला आमचा पहिला नियम. नाही हे सिद्ध करायचं असेल तर नमुना घ्या.

नमुना कसा घेतात ते सांगतो. चकचकीत घोटलेली दाढी, कारण खुंट असले तरी मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. मास्कची परीक्षा आधीच झालेली असते: डोक्यावर एक पारदर्शक टोप घालतात आणि आत कडू द्रवाचा फवारा मारतात. जिभेला कडू लागलं की नापास. मला पहिल्या वेळी लागलं होतं, आणि मी मास्क बदलला, कारण दाढी तर आधीच गेलेली. मग जागेवर: साबणाचं पाणी फवारून तो भाग ओला करायचा, छन्नीने नखाएवढा तुकडा काढायचा, तो झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर नंबर. तुटलेली जागा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायची, हत्यार ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही पिशवीत. प्रयोगशाळेत पोलराइज्ड प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धागा बघतात. पांढरं तिथे लाटालाटांच्या केसांसारखं दिसतं, निळं-तपकिरी सरळ काड्यांसारखं.

पण नमुना हा तपासणीचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे कुठे बघायचं. इथल्या जुन्या इमारतीत लोक फक्त छप्पर दाखवतात. मी विचारतो, पावसाच्या पाण्याचा उभा पाइप कशाचा आहे? संडासाच्या नळीवरची टोपी? गच्चीवरची ती जुनी, आता कुंड्या ठेवलेली टाकी? लिफ्टच्या मशिनरूममधलं ब्रेकचं अस्तर, जुन्या इलेक्ट्रिक पॅनलमागचा पुठ्ठ्यासारखा बोर्ड, बॉयलर असेल तर पाइपावरचं पांढरं वेष्टण? हे शेवटचं मला सगळ्यात जास्त घाबरवतं. पत्र्यात धागा सिमेंटने धरलेला असतो, वेष्टणात तो बोटाने चुरडता येतो. जुना कारखाना किंवा गिरणी पाडताना भंगारवाला आधी पाइप काढतो, आणि पाइप सोलायला कोयता चालवतो. मुंबईच्या दारूखाना बंदरात जहाजं तोडणाऱ्यांनाही हे वेष्टण ठाऊक आहे. २००५ च्या अखेरीस ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच युद्धनौका गुजरातेतल्या अलंगला तोडायला निघाली होती आणि ॲस्बेस्टॉसवरून ओरड झाल्यावर २००६ मध्ये फ्रान्सने ती माघारी बोलावली, ते प्रकरण याच मालाचं.

तपासणीचा निकाल बहुतेक वेळा काय असतो माहीत आहे? ‘हात लावू नका.’ धड असलेलं, कोणाच्या वाटेत नसलेलं जे आहे ते तसंच ठेवा, नकाशावर खूण करा, वर्षाला एकदा बघा, ड्रिल मारायला येणाऱ्या प्रत्येकाला तो नकाशा दाखवा. मेसेजवाल्यांना वाटतं तपासणीतून खर्च निघतो. माझ्या अनुभवात तपासणीने नको असलेली तोडफोडच जास्त वाचवली. पाडकामाआधीची तपासणी मात्र वेगळी आणि कडक: तिथे भिंती, छत उघडून बघावंच लागतं. पुनर्विकासाच्या निविदेत इथे माती परीक्षण असतं, झाडांची मोजणी असते, ॲस्बेस्टॉस तपासणीची ओळ मी अजून तरी पाहिलेली नाही.

“पाणी मारा, रुमाल बांधा, फोडून खाली घ्या.”

पाणी मारा, हे बरोबर. फक्त ते बारीक फवाऱ्याने, थोडा भांड्यांचा साबण मिसळून, म्हणजे ते नुसतं ओघळत नाही, आत मुरतं. गाड्या धुतात त्या जोराच्या पाइपाने नाही; त्याने शेवाळासकट वरचा थर खरवडून निघतो आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसतो.

रुमालाचं मात्र काही खरं नाही. हवा तपासताना मोजतात ते धागे पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि तीन मायक्रॉनपेक्षा बारीक, पुष्कळसे एक मायक्रॉनच्याही खाली. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास. सुती रुमालाच्या दोन धाग्यांमधली फट यापुढे म्हणजे उघडं फाटक. वर तोच रुमाल घाम पुसून खिशात जातो आणि घरी लेकराच्या कपड्यांबरोबर भिजत पडतो. एन-९५ रुमालापेक्षा चांगला. आम्हाला मात्र पी-३ दर्जाचा, म्हणजे त्याहून बारीक गाळणारा, फिल्टरच लागे.

आणि ‘फोडून’! सगळा खेळ न फोडण्याचा आहे. गंजलेल्या हूक-बोल्टचा नट फिरत नाही, म्हणून मिस्त्री पत्र्यावर पहार घालतो. त्याऐवजी बोल्ट कटरने कापायचा, पत्रा नाही. ग्राइंडर तर नावालाही नको; ग्राइंडरने कापताना जो पांढरा धूर निघतो, तो धूर नसतो. पत्रा अख्खा सुटला की दोघांनी धरून उतरवायचा, वरून सोडायचा नाही. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे हे बोलायला सोपं. खाली आधीच प्लास्टिक अंथरलेलं हवं. त्यावर रचायचे, जाड पॉलिथिनमध्ये दुहेरी गुंडाळायचे, टेप, वर ठळक अक्षरात काय आहे ते लिहायचं. पडलेले तुकडे ओले करून हाताने वेचायचे, केरसुणी फिरवायची नाही. अंगावरचा कागदी डगला ओला करून उलटा गुंडाळत काढायचा आणि तोही पिशवीत. शेजारपाजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगायचं: खिडक्या लावा, वाळत घातलेलं काढा.

बॉयलरचं वेष्टण काढायचं असेल तर हे सगळं अपुरं. तिथे खोलीभर प्लास्टिकचा तंबू, आतली हवा फिल्टरमधून बाहेर ओढणारा पंखा, बाहेर पडायला एकामागे एक तीन खण, आंघोळ. काम संपल्यावर वेगळाच माणूस गुडघ्यांवर बसून बॅटरी घेऊन कोपरे तपासतो, मग हवेची चाचणी, आणि मिलिलिटरमागे ०.०१ धाग्याच्या खाली आकडा आला तरच खोली मालकाच्या ताब्यात. एका शाळेच्या बॉयलर रूममध्ये आमच्या लोकांना दोनदा नापास केलं होतं, कारण भिंतीतल्या एका क्लॅम्पच्या वरच्या बाजूला बोटभर धूळ राहिली होती.

यातलं काही परदेशातच सुचलं असंही नाही. ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या सुरक्षित वापराचं भारतीय मानक आयएस ११७६९ हे १९८७ चं आहे, आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीचं आयएस ११७६८ त्याच्याही आधीचं. मिस्त्रीपर्यंत ते कोणी पोहोचवलं नाही, एवढंच.

“तुकडे भरावाला वापरा.”

भरावात टाकलेला तुकडा पहिल्या ट्रकखाली भुगा होतो, आणि दहा वर्षांनी केबलवाले तिथेच खणतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस नावानिशी आहे. पण ते ज्या तक्त्यात आहे तो कारखान्यांतल्या उत्पादन प्रक्रियांचा. घरावरचे पंधरा पत्रे त्यात बसतात का यावर वकिलांना भांडू द्या. घातक कचऱ्याची शास्त्रीय भूभरणं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत. कारखाना असाल तर ती वाट धरा, आणि पाडकामाच्या कंत्राटातच ते कलम आणि त्याची पावती लिहून घ्या. घरमालकासाठी मात्र सोय जवळजवळ नाही. वॉर्डात ओल्या-सुक्या कचऱ्याची गाडी येते, पत्र्याची येत नाही. इथे मेसेजवाल्याचा वैताग मला समजतो. अशा वेळी माझा सल्ला: अख्खे पत्रे अख्खेच ठेवा, गुंडाळून, झाकून, एका कडेला, आणि महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी विचारा. भंगारवाल्याला देऊ नका. तो ते पुढच्या गरीब माणसाच्या गोठ्यावर टाकतो.

“दोन माणसांचं एका सकाळचं काम.”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, आणि त्याचा धाग्यांशी काही संबंध नाही. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. दिसतो दगडासारखा, शेवाळाने चिरा झाकलेल्या असतात, आणि दोन पर्लिनच्या, म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या तुळयांच्या, मधोमध पाय पडला की काचेसारखा जातो. पत्र्यावर कधीही थेट उभं राहायचं नाही. फळ्यांची शिडी टाकायची, खाली जाळी, आणि जमलं तर सगळं काम खालून, परांचीवर उभं राहून.

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या वर्कशॉपच्या ऑडिटला गेलो होतो. शेजारच्या शेडचे पत्रे उतरवायचं काम चालू होतं, दोनच माणसं, सकाळची वेळ. त्यातला एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. मी मोजमाप लिहीत होतो तेवढ्यात फट्कन आवाज आला. वर बघितलं तर छपरातून एक पाय मांडीपर्यंत खाली लोंबत होता आणि पत्र्याचा सुपाएवढा तुकडा लेथवर पडून चार ठिकाणी झाला होता. पोराच्या काखेखाली पर्लिन आली म्हणून तो अडकला. खाली अठरा फूट, सिमेंटची जमीन. त्याला उतरवलं, मांडीवर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. बाकीचे हसले, तोही हसला. चहा मागवला. सगळ्यांचे ग्लास रिकामे झाले तरी त्याचा तसाच होता. तोंडावर बांधलेला रुमाल त्याने सोडलाच नव्हता.